गारखेड्यातली नाव

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी ट्रकवर सगळ्यात शेवटी नाव चढवली. पालथी. खाली ज्वारीची पोती, वाकळा, पितळेचा बंब, दोन शेळ्या, माय, मी आणि माझा सहा वर्षांचा भाऊ विजू. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून आबांची नाव. बाहेरून बघणाऱ्याला ट्रक कासवासारखा दिसत असणार. आतून आम्हाला फक्त फळ्या दिसत होत्या आणि जवसाच्या तेलाचा वास येत होता.

धरणाचं पाणी गावात शिरणार म्हणून आम्ही निघालो होतो. म्हणजे जिथं पाणी येणार तिथून नाव उचलून आम्ही ती कोरड्या जागी नेत होतो. ही गोष्ट गावात कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. पाराजवळ ट्रक थांबला तेव्हा शेजारचा म्हादू ओरडला, "पाटील, समिंदर इकडं येणार हाय. तुमी नाव घेऊन कुटं निघाले?"

आबा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मान बाहेर काढून एवढंच सांगितलं, "असावी. नसली की कळतं."

बिडकीनला चहासाठी थांबलो तेव्हा हॉटेलातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. एकानं विचारलं, औरंगाबादला कधी नदी आली? मायनं पदर तोंडावर ओढून घेतला. लाजेनं की हसू लपवायला, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही.

बुडालेल्या गावातल्या माणसांचा मेळावा भरवायचं यंदा ठरलं आहे आणि त्याच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितला आहे. विषय दिला आहे ‘आपलं सुंदर गाव’. प्रमुख पाहुण्यांच्या फोटोंसाठी चार पानं राखून ठेवल्याचंही आवर्जून कळवलं आहे. गाव सुंदर होतं की नाही ते मला सांगता येणार नाही. तिथं राहत असताना मी ते कधी बघायला गेले नव्हते. मला नावेबद्दल सांगता येईल. टेकाडावरच्या वस्तीत राहिलेल्यांना यातलं अर्धं ठाऊक आहे, आणि विजू, तुला उरलेलं अर्धं ठाऊक नाही. दोघांनीही वाचावं म्हणून लिहिते.

गोदावरीच्या आमच्या काठावर निजामाचं राज्य होतं आणि पलीकडच्या काठावर इंग्रजांचं. पोलिस अॅक्शनच्या आधीच्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं आमच्या काठावरची माणसं गाठोडी घेऊन पलीकडं जायला निघाली. नदी दुथडी आणि नाव एक, पैसे घेऊन पार नेणाऱ्या तरीवाल्याची. आबा तेव्हा पंधरा वर्षांचे. आजोबा-आजी, धाकटा भाऊ आणि एक म्हैस यांच्यासह ते दोन दिवस काठावर बसून होते. आधी वट असलेल्यांची माणसं गेली, मग त्यांचे पलंग गेले. तिसऱ्या दिवशी नाव पलीकडून परत आलीच नाही. आमची माणसं मागं फिरली आणि दिवस निवळेपर्यंत उसात राहिली. त्यांना काही झालं नाही. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अशीच संपायची: काही झालं नाही. पण त्या दोन दिवसांत आबांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, आबांचं लग्न झालं, आणि पहिल्याच बऱ्या सालात त्यांनी बांधावरचं सागवान तोडून रंगनाथ सुताराकडून स्वतःची नाव करून घेतली. फळ्यांच्या फटीत अंबाडीचा वाख ठासलेला, वर राळ आणि जवसाचं तेल. नावेत एक पेटी कायम असायची. तिच्यात ज्वारीचं पीठ, मीठ, मेणानं तोंड बंद केलेल्या डब्यात काड्यापेट्या, दोर, कंदील, पत्र्याची छोटी चूल. पीठ दर पंधरा दिवसांनी बदलायचं. जुनं पीठ घरात खायचं, त्यामुळं आमच्या घरी भाकरी नेहमी थोडी कडवट लागायची. मायचं म्हणणं असं, की संकट आलं असतं तर एकदाच आलं असतं, हे पीठ महिन्यातून दोनदा येतं.

पण नाव रिकामी बसून नव्हती. नदीच्या मधल्या वाळूत आमची टरबुजं असायची, ती नावेतून घरी यायची. पलीकडच्या कुरणातला चारा यायचा. पाव्हणे, मासे, बी-बियाणं, एकदा तर पलीकडची अख्खी वरात. कुणाची वाट बघायची नाही आणि कुणाला हात जोडायचे नाहीत, यालाच आबा जगणं म्हणायचे. रंगनाथ सुतारानं नाव देताना एकच अट घातली होती: "हिला तहान लागू द्यायची नाय. एक उन्हाळा कोरडी ऱ्हायली की फळ्या आकसल्या म्हनून समजा." गावात ती अट पाळणं काही अवघड नव्हतं. नाव पाण्यातच असायची.

धरणाचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा मांडव घातला होता. बुडणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. भाषणं झाली. आमच्या त्यागाचा उल्लेख इतक्या वेळा झाला, की आपण तो केव्हा केला हे आठवायचा मी मनापासून प्रयत्न केला. आबांना शाल आणि नारळ मिळाला. शाल त्यांनी घरी आणून गाभण शेळीच्या पाठीवर टाकली.

औरंगाबादचं गारखेडा तेव्हा शहराच्या कडेला होतं. आज तिथं बँका, क्लास आणि दातांचे दवाखाने आहेत. तेव्हा बाभळी होत्या आणि मधूनमधून घरं. आम्हाला एक खोली, एक पडवी आणि पुढं मोकळी जागा मिळाली. त्या जागेत चार दगडांवर नाव ठेवली. ऊन लागू नये म्हणून आबांनी वर पत्रे घातले. आमच्या डोक्यावर कौलं होती, ती दोन पावसाळे गळत राहिली. आबांना एका कारखान्याच्या भांडारात नोकरी लागली. सकाळी सहाला सायकलवर निघायचे, संध्याकाळी चारला परत. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही मेथीची जुडी विकत आणली, तेव्हा माय ती हातात धरून बराच वेळ बघत राहिली, कुणीतरी ओळखीचं नाव बदलून समोर आल्यासारखी.

नावेच्या अंगावर गोणपाटं पसरलेली असायची. रोज सकाळी दोन बादल्या पाणी त्यांच्यावर आणि दोन नावेच्या आत, म्हणजे लाकूड ओलं राहतं. हे काम माझं. शेजारचे अजीजचाचा निजामाच्या वेळच्या जकातनाक्यावरून रिटायर झालेले. ते रोज कुंपणापाशी उभे राहून चहा पीत हे बघायचे. एक दिवस आबांना म्हणाले, "पाटील साब, लोगां कश्ती में बैठके पानी कू जाते. तुम पानी लाके कश्ती कू पिलारे."

आबा म्हणाले, "चाचा, बुडायला लागलं की तुमाला पयलं बसवतो."

"इधर बुडने कू पानी तो आने दो, मियाँ."

पहिली दोन वर्षं निभावली. तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची दैना झाली. सरकारी नळाला धार नव्हती, हातपंपाला चिखल. दहा मिनिटं चालून एक विहीर होती, तिथं पहाटेपासून रांग. माय आणि मी दिवसाला आठ खेपा करायचो. डोक्यावर दोन, कमरेवर एक. त्यातल्या चार बादल्या नावेच्या. एप्रिलच्या एका सकाळी माय रांगेतून परत आली, भरलेली घागर तिनं जमिनीवर ठेवली आणि नावेकडं बघत म्हणाली, "आता हिनं प्यावं का तुमी प्यावं, ते एकदा ठरवा."

आबा कामावर गेले होते. म्हणजे ठरवायला आम्ही दोघीच होतो.

"आबांना काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला? ते आल्यावर हात लावून बघतेत. हाताला वलं लागलं की झालं."

तेव्हापासून आबांची सायकल यायच्या वेळेला मी एक तांब्या पाणी घेऊन वरच्या गोणपाटावर शिंपडायची. आबा सायकल टेकवायचे, नावेपाशी जायचे, तळहात गोणपाटावर ठेवायचे, आणि मग घरात येऊन पाणी मागायचे. सगळा उन्हाळा हे चाललं. पुढं पाऊस सुरू झाला; पण तो पत्र्यावर पडत होता आणि नाव पत्र्याखाली होती. दोघींनाही ते दिसत होतं. पण एकदा मोडलेली सवय पुन्हा लावायची तर आधी ती मोडली होती हे कबूल करावं लागतं.

त्याच पावसाळ्यात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

आबांचे धाकटे भाऊ, रामकाका, गावाजवळच राहिले होते. आमचं टेकाडावरचं रान बुडितात धरलं नव्हतं, आणि ते बुडालंही नाही. चहूबाजूंनी पाणी आलं, एवढंच. रस्ता पाण्याखाली गेला आणि दहा घरांची वस्ती बेटावर राहिली. काकांचं पोस्टकार्ड आलं: "दादांस नमस्कार. वस्तीला चहूकडून पाणी. हिला आठवा लागला. पहिल्या वेळेस अडलं होतं म्हणून डॉक्टरीण म्हणते, आधीच तालुक्याला आणून ठेवा. चालत जायची वाट ऱ्हायली नाही. नाव आणावी."

आबांना आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. त्यांनी दाढी केली, धुतलेलं धोतर काढलं, कारखान्यातून रजा घेतली आणि ट्रक ठरवून आले. गोणपाटं बाजूला करून नावेत उतरले, बराच वेळ वाकून काही बघत होते. मग फटींवर राळ थापली. "थोडी तहानली हाय," एवढंच म्हणाले.

स्वयंपाकाच्या खोलीत माय मला म्हणाली, "मी सांगते." दारापर्यंत गेली आणि परत आली. "आता काय सांगू? ट्रक आला." मग म्हणाली, "काकूजवळ बाईमाणूस पायजे. तू जा." मी पंधरा वर्षांची होते. बाईमाणूस म्हणून माझी नेमणूक ही अशी झाली.

पाण्याच्या अलीकडच्या काठावर एक गाव होतं. तिथं ट्रक पोचला तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. रामकाका वस्तीवरून आलेले होते, काहिलीत बसून. काहील म्हणजे गूळ आटवायची मोठी लोखंडी कढई; अडीअडचणीला आमच्याकडं तिच्यातूनच पाणी ओलांडतात. ती काठाला टेकून ठेवलेली होती, काळी, गोल, गुळाचे डाग असलेली. आबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आठ जणांनी नाव उचलून पाण्यात ठेवली. आबा आत जाऊन वल्हं धरून उभे राहिले. तेवढ्यात त्या गावचे एक पुढारी नारळ घेऊन आले. धरणानं आमच्या भागाला आणखी काही दिलं की नाही माहीत नाही, उद्घाटनाची सवय मात्र लावली. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. भाषणात ‘स्वावलंबन’ हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा पाणी आबांच्या घोट्यापर्यंत चढलं होतं.

"दादा, खाली उतर," काका हळूच म्हणाले.

"त्यांचं होऊ दे."

"त्यांचं व्हईस्तोवर तू बुडशील!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आबा गुडघाभर पाण्यात नावेतच उभे होते आणि प्रत्येक फटीतून बारीक धार वर येत होती. काका काठावरून वाकून बघत म्हणाले, "ही नाव नाय दादा, चाळण हाय."

आबांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"पाणी घालीत व्हतीस ना गं रोज?"

पन्नास माणसं माझ्याकडं वळली. माय तिथं नव्हती.

"घालत होते, आबा."

"चार बादल्या?"

"चार बादल्या."

त्यांनी मान हलवली. "मग लाकूडच दगा देतंय," असं म्हणून ते खाली उतरले. रंगनाथ सुतार वारून चार वर्षं झाली होती. दोष त्याच्याकडं गेला, आणि त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. म्हणजे एक जण होतं, पण ते गप्प राहिलं.

काकूला तर आणायचीच होती. आबांनी धोतर खोचलं आणि काहिलीकडं गेले. काका, आबा आणि मी वस्तीवर पोचलो. परतताना काहिलीत एका बाजूला काकू आणि दुसऱ्या बाजूला वजनाला मी. दोघे भाऊ पाण्यात, पोहत, काहील ढकलत.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आबा काकूचे थोरले दीर. तिनं लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर कधी तोंड उघडं टाकलं नव्हतं, की त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं झालं तर तिसऱ्याला सांगायचं. आणि आता ते तिच्यापासून हातभर अंतरावर होते, फक्त डोकं पाण्याबाहेर. काहिलीला पुढचं-मागचं नसतं. ढकललं की ती पुढं जाते आणि जाताना फिरते. दर फेऱ्याला काकूचं तोंड एकदा आबांसमोर यायचं आणि दर फेऱ्याला ती पदर पुढं ओढायची. एक हात पदराला, एक काठाला. पोट धरायला तिच्याकडं हात उरला नाही, ते मी धरलं.

"त्यांना म्हन गं, सावकाश. गरगरतंय."

"आबा, सावकाश."

"तिला म्हनावं, डोळे मीट."

"काकू, डोळे मीट."

"त्यांना म्हन, डोळे मिटले तर पदर कवा वढायचा ते कसं कळंल?"

पलीकडून काका ओरडले, "अगं, पदराचं काय घिऊन बसलीस, हलू नको तेवढी!"

"तुमी गप ऱ्हावा. गूळ खायाला बोलावलं तवा म्हनला नाय, की एक दिवस ह्याच्यातच बसवून आटवीन!"

आबांच्या नाकात पाणी गेलं. ते हसत होते की ठसका लागला होता, सांगता येत नाही. विजू, आबांना नावेनं जे करून दाखवायचं होतं ते सगळं गुळाच्या कढईनं अर्ध्या तासात केलं, तेही फिरत फिरत.

काकूचे दिवस अजून भरायचे होते, पण लगेच बैलगाडीत बसवायची तिची अवस्था नव्हती. म्हणून काठावरच्या शाळेच्या पडवीत आम्हा दोघींना तीन दिवस ठेवलं. आबा नावेपाशी राहिले. त्यांनी नावेत दगड भरले आणि ती कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम बुडवली. बुडाली की लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फटी आपोआप मिटतात. त्याला दिवस लागतात. हे तीन दिवस ते काठावर बसून होते. मी भाकरी घेऊन जायची. "खाल्ली का काकूनं?" याच्यापलीकडं काही बोलत नव्हते. येणारे-जाणारे विचारायचे, पाटील, काय बघत बसला? ते म्हणायचे, पाणी.

तिसऱ्या दिवशी दुपारी दगड काढले, पाणी उपसलं आणि नाव तरंगली. आत थेंब आला नाही. आबांनी काकांना बसवून वस्तीवर नेलं आणि परत आणलं. मग वल्हं काकांच्या हातात दिलं, पेटीसुद्धा नावेतच ठेवली, आणि आम्ही दोघं एसटीनं गारखेड्याला आलो. वाटेत त्यांनी मला भजी घेऊन दिली. काकूला तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, मंगल. ती आता शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि तिला पाण्याची भीती वाटते.

नाव वस्तीवर बरीच वर्षं चालली. शाळेची मुलं, ऊस, आजारी माणसं, एकदा मतपेट्या. रस्त्याचा भराव झाल्यावर ती कुणाला लागली नाही. शेवटी तिच्या फळ्यांचं एका गोठ्याचं दार झालं. इकडं रिकाम्या जागेत मायनं वांगी लावली. आबा मात्र त्या जागेत येऊन नुसते उभे राहायचे. जेवताना मधेच उठायचे. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन एसटी स्टँडवर जायचे आणि कधी गावाकडची गाडी धरायचे, कधी नुसतेच परत यायचे. नाव असताना हा माणूस निदान स्वस्थ झोपायचा. मला वाटायचं, ते आपल्यामुळं. आबा गेले, माय गेली, आणि मी बोलले नाही.

ती चुळबुळ आम्हा दोघा भावंडांत वाटून आली आहे. विजू, तू अमेरिकेत वादळाच्या किनाऱ्यावर घर घेतलंस आणि गॅरेजमध्ये हवा भरायची बोट ठेवलीस. त्याचा व्हिडिओ पाठवलास: फिल्टर, टॉर्च, डबाबंद राजमा, त्यावर तारखांच्या चिठ्ठ्या. पोरांना जुना राजमा खायला घालतोस, असं वहिनी म्हणाली. मी हसले नाही. माझ्या दाराजवळ एक बॅग भरलेली असते. कागदपत्रं, औषधं, पॉवर बँक. कशासाठी, ते मी स्वतःला सांगू शकलेले नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढली, तीही बहुतेक उभ्यानंच. याच शहरात चार घरं बदलली आणि शेवटी परत गारखेड्यातच तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले. सोसायटीत दोन टाक्या, बोअर, इन्व्हर्टर. सेक्रेटरी मीटिंगमध्ये सांगतात, आपली सोसायटी सेल्फ-सफिशियंट आहे. त्यासाठी टँकर मागवायचा नंबर नोटीस बोर्डावर लावलेला आहे.

गेल्या महिन्यात काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं आली. काका नाहीत आता. दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचं आणि मग पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. एका दुपारी थेंब घालून मी तिच्या उशाशी बसले होते. तिचे डोळे मिटलेले होते, त्यामुळं मला बोलता आलं.

"काकू, त्या उन्हाळ्यात मी नावेला पाणी घातलंच नव्हतं."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या आबांनी."

"आबा तुझ्याशी कधी बोलले?"

"माझ्याशी कशाला बोलतील? तू भाकरी घिऊन काठाकडं गेलतीस, ते दुसऱ्या वाटंनं शाळंपाशी आले. भिंतीआड उभं ऱ्हाऊन तितल्या कुत्र्याला सांगाया लागले. म्हनले, पोरगी तोंडावर खोटं बोलली. नावंत मुंग्यांनी माती काढलेली, वल्या लाकडात मुंगी घर करत नाय. मला गारखेड्यातच दिसलं व्हतं, तरी आनली. म्हनले, मायलेकी पाणी वाहून वाहून वाळल्या आन मी रोज लाकूड वलं हाय का तेवढंच चाचपीत ऱ्हायलो. आता कुणी तिला इचारू नका."

मी म्हटलं, "मग सगळ्यांसमोर मला कशाला विचारलं?"

"ते बी म्हनले कुत्र्याला. इचाराया नको व्हतं म्हनले."

"आणि तू एवढी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

काकूनं मिटल्या डोळ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मला कुटं सांगितलं व्हतं त्यांनी? दुसऱ्याचं बोलनं ऐकून पसरवत फिरायची सवय नाय मला. पाच मिंटं झाली का बघ."

झाली होती. दहा झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. शहराचं पाणी आता त्या धरणातून येतं, हे इथं कुणाला सांगायला नको. काकू हिरवा चष्मा लावून मोरीच्या दारात आली. "आपल्याकडलंच ना गं हे?" मी हो म्हटलं. तिनं हात पुढं केला, धारेखाली धरला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "औषध लई टाकतेत." मग खुर्ची मागून तिथंच बसली आणि मी टाकी, पिंप, बादल्या, कळशी भरत धावत होते ते बघत राहिली. "बस की जरा," म्हणाली.

"जाईल पाणी."

मंडळी, मला गावाबद्दल सुंदर असं काही लिहिता आलेलं नाही. मंदिराच्या कळसावरून आता किती हात पाणी आहे, ते कुणीतरी दुसरा लिहील. माझ्याकडं गाव नळातून दर पाचव्या दिवशी येतं, पाऊण तास, कमी दाबानं. तेवढा वेळ मी कुठंही जायच्या बेतात नसते. हातात कळशी असते, नळाखालून नजर हलत नाही, आणि कुणी विचारलंच तर खरं तेच सांगेन इतकी मी तिथं असते. नळ गेला, की पुन्हा कुठंतरी निघायला हवं असं वाटायला लागतं. कुठं, ते अजून कळलेलं नाही.